राणीचा श्वास

बूथमध्ये शिरण्याआधी ताई चपला काढून ठेवायची. हातातलं घड्याळ आणि कानातलं त्यांच्या शेजारी ठेवायची आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कपड्यांत अनवाणी माइकसमोर उभी राहायची. माइकला सगळं ऐकू येतं. नव्या कापडाची सळसळ, चपलेची कुरकुर, मनगटावरची टिकटिक, काहीच सुटत नाही. म्हणून डबिंगच्या कामात माणसानं अंगावरचं सगळं वाजणारं दाराबाहेर सोडायचं आणि आत नुसता आवाज घेऊन जायचं.

समोरच्या पडद्यावर मालिकेतली राणी यायची. निमुळता चेहरा, वेताच्या छडीसारखा बांधा, डोळ्यांत आग. ती ओठ हलवायची आणि आवाज निघायचा तो ताईचा. त्या नटीचा स्वतःचा आवाज फार नाजूक होता. ती संतापली तरी रुसल्यासारखी वाटायची. सैन्याला हुकूम द्यायला तसा आवाज कसा चालणार?

ताईचा आवाज गळ्यातून यायचाच नाही. पोटातून उठायचा, फासळ्यांच्या कमानीखाली घुमायचा आणि मग ओठांशी यायचा, भरलेली बादली काठोकाठ वर यावी तसा. ताई होतीच भरल्या अंगाची. रुंद खांदे, भरदार दंड, ऐसपैस कंबर. काचेपलीकडे बसून आवाज टिपणारे गृहस्थ होते, त्यांना सगळे कानसेन म्हणत. ते म्हणायचे, "या बाईला माइक लागत नाही. माइकलाच ही लागते."

तिचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, पण आवाज घराघरात पोचला होता. भाजीच्या गाडीवर तिनं नुसतं "काकडी कशी दिली?" म्हटलं की भाजीवाला ताठ उभा राहायचा. "हुकूम, राणीसरकार." मग ताई हसायची आणि एक काकडी फुकट मिळायची.

मालिका संपत आली तेव्हा जाहिरातीचं काम बघणारा गृहस्थ स्टुडिओत आला. त्याच्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात दुसरा मोबाइल.

"ताई, कल्पना ऐका. शेवटचा भाग मोठ्या नाट्यगृहात दाखवायचा. पडद्यावर राणी असेल, आणि तिची ती शेवटची हाक तुम्ही रंगमंचावर उभं राहून द्यायची. समोरासमोर. हा आवाज कुणाचा, ते लोकांना पहिल्यांदाच दिसेल."

ताईनं आनंदानं मान डोलावली. इतकी वर्षं काचेच्या खोलीत काढली, आता उजेडात उभं राहायचं होतं.

"फक्त एक आहे," तो मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. "लोकांच्या मनात राणी म्हणजे राणी असते. त्यांचा विरस नको व्हायला. तसा वेळ आहे हाताशी. तुम्ही समजूतदार आहात."

त्यानं तिचा फोटो काढून नेला. काही दिवसांनी बस थांब्यावर पोस्टर लागलं. राणीच्या शेजारी ताई होती, म्हणजे ताईसारखी कुणीतरी होती. मान लांब झाली होती. गाल आत गेले होते, दंड निम्मे उरले होते. हनुवटीखालची घडी ओल्या बोटानं पाटीवरचं पुसावं तशी पुसली होती. ताई बाजारातून येताना सासूबाईंना पोस्टर दाखवायला घेऊन गेली. सासूबाईंनी चष्मा वर-खाली केला.

"ही कोण? तुझ्या माहेरची का?"

"मीच आहे, आई."

"अगंबाई. मग बाकीची कुठे ठेवून आलीस?"

दोघी हसल्या. घरी येईपर्यंत हसत होत्या. पण त्या दुपारी, सासूबाई आडव्या झाल्यावर, ताई कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली आणि तिनं पोट आत ओढलं. जरा वेळ तसंच धरून ठेवलं. आरशातली बाई पोस्टरच्या थोडी जवळ गेली. मग श्वास सोडावाच लागला आणि ती पुन्हा दूर गेली.

तिनं मोबाइलवर एकदा, एकदाच, 'पोट कमी कसं करावं' असं शोधलं. त्यानंतर मोबाइलनं तिचा पिच्छा सोडला नाही. सपाट पोटांच्या बाया सकाळ-संध्याकाळ तिच्या तळहातात येऊन हसायला लागल्या. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. आधीची बाई नेहमी उदास, मळक्या कपड्यांत, वाईट उजेडात. नंतरचीला ऊन मिळालेलं.

ताईनं सकाळचा नाश्ता सोडला. मग दुपारचा भात सोडला. फुकटच्या काकडीवर दिवस निघू लागला. रात्री "भूक नाही" म्हणायची, आणि खोटं बोलायलाही तोच भरदार आवाज वापरायची, म्हणून ते खरं वाटायचं. नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांवर असायचा. फोनवर तो विचारायचा, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो, आत्ताच."

आणि ती बारीक होऊ लागली. शेजारणी जिन्यात थांबवून विचारू लागल्या, "काय करतेस गं? मला पण सांग." जिला आयुष्यभर 'तब्येत सुधारलीय' असं तिरकं ऐकायची सवय, तिला हे शब्द मधासारखे लागले. भूक लागली की ती तेच शब्द खायची.

केस विंचरताना कंगव्यात पुंजके येऊ लागले. बोटं गार पडू लागली. स्टुडिओचा जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, ती कठड्याला धरून मोबाइल बघतेय असं दाखवायची. पाळी चुकली, पुढची पण चुकली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पोस्टरवरच्या बाईला असलं काही होत असेल असं वाटत नव्हतं.

शेवटच्या हाकेची तालीम सुरू झाली. प्रसंग असा होता: राणीचं राज्य गेलंय, तिला एका ओसाड बुरुजावर कोंडलंय, खाली तिची माणसं जमलीत पण ती जिवंत आहे की नाही हे त्यांना ठाऊक नाही. ती बुरुजाच्या कडेला येते आणि एका दमात हाक देते. दमात म्हणजे खरोखर एका श्वासात. मध्ये श्वास घेतला तर हाक तुटते.

ताई माइकसमोर उभी राहिली. लाल दिवा लागला. सगळीकडे शांतता.

"घुर्रर्र."

कानसेनांनी हात वर केला. "थांबा. काहीतरी वाजलं."

डबिंगच्या दिग्दर्शिका बाई त्यांच्या शेजारीच बसलेल्या होत्या. त्यांनी मान हलवली. "मला पण ऐकू आलं. एसी असेल."

एसी बंद केला. लाल दिवा.

"घुर्रर्र... र्र."

"पाण्याचा पाइप," बाई म्हणाल्या. वरच्या मजल्यावर फोन झाला, नळ बंद करवले. पुन्हा तेच. माइक बदलला. केबल बदलली. वायरमन आला, स्टुलावर चढला आणि छताची एक फळी काढून आत टॉर्च मारून बसला.

"उंदीर असेल," तो वरूनच बोलला.

"उंदीर असा सुरात बोलत नाही," कानसेन म्हणाले. "खर्जात आहे हा. आणि थांबून थांबून बोलतोय, विचार केल्यासारखा."

ताई काचेच्या खोलीत पुतळ्यासारखी उभी होती. तिला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. ती पोटावर हात दाबून धरत होती, श्वास रोखत होती, मनातल्या मनात त्याची समजूत घालत होती: गप रे, जरा वेळ गप. पण पोटाला कुठे कळतं रेकॉर्डिंग चाललंय ते. जो आवाज पोटातूनच उठायचा, त्याच्या घरातूनच आता ही तक्रार येत होती आणि माइक इमानदारीनं ती टिपत होता.

खोलीभर वायरी पसरल्या. गालिचा गुंडाळला गेला. बाई घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी कानसेनांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, हळूच, एखाद्या लहान मुलाला निजवावं तसे.

"बाई, तुम्ही नवा माणूस बघा," ते म्हणाले. "माझे कान गेलेत बहुतेक. आवाज येतोय आणि कुठून येतोय ते मला कळत नाही. असं कधी झालं नव्हतं."

ते हसत बोलत होते, पण त्यांचा हात हेडफोनवरून निघत नव्हता. काचेतून ताईनं तो हात पाहिला. भूक सोसणं तिला जमलं होतं. हे सोसवेना. ती माइकजवळ आली.

"दादा, तुमचे कान शाबूत आहेत. ते माझं पोट आहे."

वायरमनची टॉर्च छतातून वळून खाली आली आणि थेट तिच्यावर पडली.

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"माझं. भुकेलंय."

आधी कानसेनच हसले. कान परत मिळाले म्हणून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, मी छत उसकटलं. आधी नाही सांगायचं?"

"लाज वाटली."

मग कुणी हसलं नाही. बाई उठून बूथमध्ये आल्या. त्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि तो गार लागल्यावर दुसराही घेतला. "काय खातेस तू?"

"काकडी."

"आणि?"

कानसेन आपला डबा उघडून तिच्यासमोर ठेवत म्हणाले, "आधी हे. बोलणं मागून." डब्यात भात होता, उकडलेलं अंडं होतं. ताईनं अंडं उचललं आणि खाताना तिला रडू फुटलं. रडताना खाणं फार अवघड असतं, पण तिनं दोन्ही केलं.

पोटाची तक्रार थांबली. हाक मात्र जमली नाही. निम्म्यावर यायची आणि दम सरायचा. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तुटली. एका जेवणानं कुठे भरून येतं?

"दादा," ती म्हणाली, "मला जुन्या भागातली राणी ऐकवा. शब्द नकोत. नुसते श्वास."

हे फक्त त्यांच्या धंद्यातल्या माणसालाच सुचावं. वाक्यावाक्यांमधले श्वास कानसेन वेगळे कापून जपून ठेवायचे. श्वास नसला तर पडद्यावरचं माणूस मेल्यासारखं वाटतं. त्यांनी आधी जुना लावला. अंधाऱ्या खोलीत तो श्वास आला. खोल, सावकाश, जणू मोठं दार आतल्या बाजूला उघडलं आणि त्यातून सबंध माळाचा वारा घरात आला. मग आजचा लावला. दाराच्या फटीतून शिरणारी झुळूक असावी तसा तो होता, कापरा आणि घाईचा.

ताई ऐकत राहिली. ज्या कंबरेला तिनं दोन महिने शिव्या दिल्या, त्या कंबरेत हा वारा राहायचा. ज्या दंडांची तिला शरम वाटली, ते दंड पसरल्यावर फासळ्या उघडायच्या. राणी तिच्या अंगाच्या आत वस्तीला होती आणि तिनं घर पाडायला घेतलं होतं.

"ही बाई कुठे गेली?" तिनं विचारलं.

"वाट बघू तिची," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खरं तेही सांगितलं. "पण नाट्यगृहाचा दिवस ठरलाय, तो माझ्या हातात नाही. तोवर दम आला नाही तर हाक दुसऱ्या कुणाच्या आवाजात वाजवावी लागेल. मला आवडणार नाही, पण करावं लागेल."

"येईल," ताई म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं. "रक्त कमी झालंय. उपाशी शरीर आधी काटकसर करतं, केस सोडतं, पाळी थांबवतं. मग हृदयावर येतं."

"सगळे म्हणतात छान दिसतेय."

"ते बाहेरून बघतात. मला आत बघायचे पैसे मिळतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि औषधाबरोबर वेळच्या वेळी जेवण लिहून दिलं.

लिहून देणं सोपं होतं. ताटासमोर बसलं की ताईला भीती वाटायची. घास हातात असायचा आणि डोळ्यांसमोर ती लांब मानेची बाई यायची. सासूबाई बघत बसल्या.

"अडकतोय का घास?"

"भीती वाटते, आई. पुन्हा तशीच होईन."

"तशीच म्हणजे कशी? मी पसंत करून आणली तशी? मला तीच पाहिजे. या दुसरीला गव्हाचा डबासुद्धा उचलत नाही."

ताईला हसू आलं आणि हसता हसता घास गेला. सासूबाईंना ओव्या रचायचा नाद होता. काम करता करता त्या सहज शब्द जुळवायच्या. भांडी पुसत त्या गुणगुणू लागल्या:

भरल्या विहिरीची हाक जाते दूर दूर,
आटल्या विहिरीला कुठून येईल सूर?

ताई खात गेली. एखादा दिवस चांगला जायचा, एखादा दिवस ताट तसंच सरकवून ठेवायची आणि संध्याकाळी पुन्हा ओढून घ्यायची. मोबाइलवर सपाट पोट आलं की ती 'यात रस नाही' वर बोट ठेवायची. इतक्यांदा ठेवलं की मोबाइलला पंचाईत पडली आणि तो तिला शेळ्यांचे व्हिडिओ दाखवू लागला. शेळ्या बऱ्या होत्या. त्यांना कुणी आधीची आणि नंतरची म्हणत नव्हतं.

जिन्यातल्या शेजारणी म्हणाल्या, "अगं, पुन्हा अंगावर यायला लागलंय हं." ते लागलं. खोटं कशाला, फार लागलं. पण रोज सकाळी ती गच्चीवर जाऊन पालथ्या मुठी कंबरेवर ठेवून श्वास भरायची आणि तो रोज थोडा खोल उतरायचा. तळाशी काहीतरी हळूहळू झिरपत होतं. मग एकदा गच्चीवरून तिनं हाक दिली ती पूर्ण गेली. पलीकडच्या इमारतीतलं कुत्रं भुंकलं आणि कुणीतरी खिडकी उघडून विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही," ताई म्हणाली. "दम आला."

मग तिनं जाहिरातवाल्याला फोन केला. "त्या दिवशीसाठी माझा खरा फोटो लावा."

"ताई, सगळं छापून झालंय."

"मग त्याखाली नाव दुसऱ्या कुणाचं छापा. त्या बाईला मी ओळखत नाही."

"लोक हसतील हो. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"हसू देत. हसायला का होईना, बसतील. बसले की ऐकतील."

तो म्हणाला, "बघतो," आणि या वेळी तो मोबाइल बघत नव्हता हे आवाजावरून कळत होतं.

नाट्यगृहात, पडद्यामागच्या खोलीत, राणी बसली होती. खरी म्हणजे ती नटी. राणीच्या जरीच्या पोशाखावर तिनं लोकरी शाल गुंडाळली होती आणि तरी ती कुडकुडत होती. ताई आत आली तशी ती उठून उभी राहिली.

"तुम्हीच?"

"मीच."

नटी तिच्याकडे बघत राहिली. मग आपल्या बारीक, कापऱ्या आवाजात म्हणाली, "मी माझी मालिका बघत नाही, ताई. डोळे मिटून ऐकते. तुमचा आवाज लागला की वाटतं, मी जेवलेय."

ताईनं तिचा हात धरला. तो हात तिला ओळखीचा वाटला. तसाच गार हात ती परवापर्यंत घेऊन हिंडत होती.

"आज जेवलात?"

"नंतर फोटो आहेत."

"फोटो झाले की माझ्याबरोबर घरी चला. आमच्या सासूबाई उपाशी माणसाला सोडत नाहीत. बोलतात फार, पण वाढतात चांगलं."

नटी हसली. कुणीतरी दारातून ताईला हाक मारली.

रंगमंचावर उजेड होता. ताई चपला बाजूला काढून पुढे आली, रुंद, भरलेली, रोजच्या सुती कपड्यांत. नाट्यगृहात कुजबुज उठली. पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "ही राणी?" आणि शेजारचं कुणीतरी फिसकन हसलं. ताईनं ते ऐकलं. ऐकलं आणि दोन्ही पाय जरा फाकवून लाकडावर घट्ट रोवले.

दिवे गेले. मागच्या पडद्यावर बुरूज आला, कडेला राणी आली. तिनं ओठ उघडण्याआधी ताईनं श्वास घेतला.

तो श्वास माइकनं उचलला आणि सबंध नाट्यगृहावरून नेला. मोठं दार आतल्या बाजूला उघडावं तसा. फिसकन हसणारं गप्प झालं. शब्द यायच्या आधीच लोकांनी तिला ओळखलं. इतकी वर्षं आपल्या घरात जी येऊन बसायची ती हीच, हे त्यांच्या अंगावरच्या काट्यानं त्यांना सांगितलं.

"त्यांनी माझं तख्त नेलं, माझं नाव पुसलं, मी उरले नाही असं तुम्हाला सांगितलं. वर बघा. मी इथे आहे. हात, पाय, रक्त, श्वास, सगळीच्या सगळी, मी इथे आहे..."

पडद्यावर राणीचे ओठ मिटले. ओठ मिटले की आवाज थांबवायचा, हा डबिंगचा पहिला नियम. ताईनं तो कधी मोडला नव्हता. आज तिचा आवाज थांबला नाही. नटीचा दम जिथे संपला होता तिथून ती हाक पुढे गेली, तिच्या वाटचीही उचलून घेऊन गेली. पडद्यावरचं चित्र सरलं, पांढरा उजेड उरला, तोही विझला. मागे, यंत्रापाशी, कानसेनांचं बोट आवाज उतरवायच्या पट्टीवर होतं. त्यांनी ते उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

अंधारात आता चेहरा कुणाचाच दिसत नव्हता. शेवटच्या रांगेमागे उभं राहून पाहणाऱ्या बायका होत्या, तिथवर ती हाक पोचली, भिंतीला लागली आणि घुमून परत आली. लोक उठून उभे राहत होते, खुर्च्यांचा खडखडाट होत होता, आणि ताईच्या छातीत अजून श्वास शिल्लक होता.